भूक रोजची, अनुदान मार्चचं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाहिरात येते : 'इच्छुक स्वयंसेवी संस्थांकडून प्रस्ताव मागविण्यात येत आहेत.' वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, दिव्यांग मुलांची कार्यशाळा, निराधार स्त्रियांसाठी निवारा. गरज खरी आहे, योजनाही वाईट नाही. मग शेवटची ओळ वाचायची. मुदत पंधरा दिवस.

पंधरा दिवसांत परिपूर्ण प्रस्ताव कोण देऊ शकतं? जाहिरात येणार हे ज्याला आधीच ठाऊक असतं, तो.

बाकीच्यांनी धावायचं. 1860 च्या कायद्याखालचं संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र, 1950 च्या कायद्याखालचं विश्वस्त नोंदणीचं प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट एकचा ताजा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, तीन वर्षांचे कार्य अहवाल, कार्यकारी मंडळाचा ठराव, जागेचा उतारा किंवा नोंदणीकृत भाडेकरार, पॅन, आयकराची प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, निधीवाटपाच्या पीएफएमएस प्रणालीवरची नोंदणी, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र. सगळं स्कॅन करून पोर्टलवर चढवायचं. मग त्याच अर्जाची प्रिंट काढून, साक्षांकित करून, तीन प्रतींत जिल्ह्याच्या कार्यालयात नेऊन द्यायची.

ऑनलाइन झाल्यावर काम निम्मं व्हायला हवं होतं. ते दुप्पट झालं.

यातला निम्मा कागद सरकारनेच दिलेला असतो. धर्मादाय आयुक्त राज्य सरकारचे, आयकर खातं केंद्राचं, दर्पण नीती आयोगाचं. एका सरकारी कार्यालयाने दिलेला दाखला दुसऱ्या सरकारी कार्यालयाला दाखवण्यासाठी तालुक्याच्या माणसाने एसटीने जिल्ह्याला का जायचं? नागरिकाचं आधार, पॅन, बँक खातं, रेशन कार्ड सगळं एकमेकांना जोडून झालं. सरकारची दोन कार्यालयं अजून जोडायची राहिली आहेत.

आता परिशिष्ट एकचं पाहा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा तो उतारा, ज्यावर संस्थेच्या विश्वस्तांची नावं असतात. संस्थेचे सचिव वारले, नवा सचिव निवडला. 1950 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, दाखल केला. तो मंजूर व्हायला कधी कधी वर्षं जातात. तोवर परिशिष्टावर जुनंच नाव. आणि अनुदान देणारं खातं म्हणतं, परिशिष्टावर नाव असलेल्या सचिवाचीच सही चालेल.

ती सही आणायची कुठून?

प्रस्ताव जमा झाला की तीन-चार महिने शांतता. मग पत्र येतं : 'आपल्या प्रस्तावात खालील त्रुटी आढळून आल्या आहेत.' पानांवर क्रमांक नाहीत. अनुक्रमणिका नाही. एका छायाप्रतीवर साक्षांकन नाही. सात दिवसांत पूर्तता करावी, अन्यथा प्रस्ताव निकाली काढण्यात येईल. वाचायला चार महिने त्यांना, दुरुस्तीला सात दिवस तुम्हाला.

पूर्तता केली की दुसरं पत्र, नव्या त्रुटी. पहिल्यांदा वाचताना त्या दिसल्या नव्हत्या का? सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवायच्या, एवढा एक नियम केला तरी राज्यातल्या शेकडो संस्थांच्या चपला झिजायच्या थांबतील. त्याला पैसा लागत नाही, पोर्टल लागत नाही, समिती तर मुळीच लागत नाही.

फाइल जिल्ह्यातून सुटली की पुण्याला. समाजकल्याण, महिला व बालविकास, दिव्यांग कल्याण, तिन्ही आयुक्तालयं पुण्यात. आदिवासी विकासाचं नाशिकला. पुढे मंत्रालय. गडचिरोलीहून पुणं आठशे किलोमीटरहून जास्त. तिथल्या कार्यकर्त्याने 'फाइल कुठवर आली' हे विचारायला किती वेळा यायचं? आणि त्या तिकिटाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा?

कोणत्याच नाही. प्रशासकीय खर्च ग्राह्य नसतो, नाहीतर नावापुरता असतो. मुलांच्या जेवणाचे पैसे मिळतील. त्या जेवणाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या पगाराचे मिळणार नाहीत. हिशेब मात्र पैशापैशाचा हवा. दहा नोंदवह्या हव्यात, जिओ-टॅग केलेले फोटो हवेत, तिमाही अहवाल हवा. हे सगळं कोण करणार? ज्या बाई सकाळी मुलांना अंघोळ घालतात, त्याच रात्री जागून नोंदवही भरतात.

त्या बाईंना मिळतं किती? केंद्राच्या पाळणाघर योजनेचे आकडे समोर ठेवा. पाळणाघर महिन्याला 26 दिवस, दिवसाला साडेसात तास उघडं ठेवायचं, 25 मुलं सांभाळायची. 2017 साली सुधारलेल्या योजनेत सेविकेचं मानधन ठरलं महिन्याला 3000 रुपये, मदतनिसाचं 1500. भागाकार करा. सेविकेला तासाला सुमारे पंधरा रुपये पडायचे, मदतनिसाला त्याच्या निम्मे.

टपरीवरच्या चहा-बिस्किटाला याहून जास्त लागतात.

त्याच फेररचनेत खर्चाची वाटणी झाली 60, 30 आणि 10. केंद्र साठ टक्के, राज्य तीस, संस्था दहा. कागदावर फार समंजस वाटायचं. प्रत्यक्षात केंद्राचा हप्ता आला तर राज्याचा यायचा असे, राज्याचा आला तर केंद्राचा. दहा टक्केवाली संस्था मात्र पहिल्या तारखेपासून शंभर टक्के भरत असे. बाळाला दूध द्यायला साठ टक्क्यांची वाट पाहता येत नाही.

आणि पैसे येतात कधी? मार्चमध्ये. वर्षभर तरतूद नाही, निधी नाही, वित्त विभागाची परवानगी नाही. मार्चचा शेवटचा आठवडा आला की सगळं एकदम मोकळं होतं. कोषागारात रात्रीपर्यंत दिवे. 31 तारखेला संध्याकाळी खात्यात रक्कम जमा, आणि खर्च त्याच आर्थिक वर्षात झालेला दाखवायचा.

खर्च झालेलाच असतो. किराणावाल्याच्या वहीत.

या राज्यातल्या समाजसेवेचा खरा सावकार हा किराणावाला आहे. तालुक्याच्या गावातला पंचवीस माणसांचा वृद्धाश्रम घ्या. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, गॅस. औषधं वेगळी. दुकानदार बिनव्याजी देतो, महिनोन् महिने थांबतो, कारण त्याची आजी कधीकाळी तिथे होती किंवा त्याला अध्यक्षांचा भरवसा आहे. त्याचं नाव कुठल्याच शासन निर्णयात नसतं. त्याने एक महिना हात आखडता घेतला तर आयुक्तालयाच्या योजनेची चूल विझेल.

आता बाजारहाट. आठवडी बाजारातली भाजीवाली पावती देत नाही. लेखापरीक्षकाला पावती हवी. मग संस्थेनेच व्हाउचर लिहायचं आणि त्यावर तिची सही घ्यायची. ती म्हणते, 'सही कशाला? पैसे तर दिलेत ना.' तिला समजावायचं कोणी? दर गुरुवारी कोथिंबिरीच्या जुडीवरून हा संवाद होतो.

मिक्सर घ्यायचा तर तीन दरपत्रकं. गावात इलेक्ट्रिकचं दुकान एक. बाकीची दोन आणायची कुठून? दुकानदारच उपाय सुचवतो : एक भावाच्या नावाचं, एक मेहुण्याच्या. प्रामाणिक माणसाला पहिलं खोटं बोलायला लावतो तो हा नियम. भ्रष्टाचार रोखायला केलेला.

पुढे तोच मिक्सर जळाला तर भंगारात टाकता येत नाही. अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरीशिवाय विकायची नाही, टाकायची नाही. जळका मिक्सर मालमत्ता नोंदवहीत जपून ठेवायचा. तपासणीला दाखवायचा. चालू मिक्सर पदरमोड करून आणायचा.

तपासणीही एक प्रकरणच आहे. अधिकाऱ्याकडे स्वतःचं पद आणि वर दोन पदांचा अतिरिक्त कार्यभार. वर्षाची तपासणी एका दुपारी उरकायची. हजेरीपट, साठा नोंदवही, कॅशबुक, व्हाउचर फाइल, भेटवही. सगळं बघून होतं, शेरा लिहून होतो. दहा पावलांवरच्या खोलीतल्या आजींना 'जेवण कसं असतं?' हे विचारायचं राहून जातं. विचारणारे अधिकारी आहेत, नक्की आहेत. खुर्चीत बसून कायदा दाखवण्याऐवजी त्यातली वाट दाखवणारे. त्यांची नावं संस्थांची माणसं वर्षानुवर्षं काढतात. त्यांची बदली मात्र लवकर होते.

आता व्याजाचं बोलू. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे संस्थेच्या खात्यात अनुदान पडून राहिलं आणि त्यावर व्याज मिळालं, तर ते सरकारजमा करायचं. रास्त आहे. जनतेचा पैसा आहे, एक रुपयाही इकडे-तिकडे व्हायला नको. पण मंजूर झालेलं अनुदान सरकारकडे दहा महिने पडून राहिलं, तर त्याचं व्याज कोण कोणाला देणार? विश्वस्तांनी स्वतःच्या ठेवी मोडून पगार केले, त्या ठेवींचं व्याज?

त्यावर नियम गप्प आहेत.

लघुउद्योगासाठी मात्र कायदा आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणे छोट्या पुरवठादाराचं देणं 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. खिळे आणि नटबोल्ट पुरवणाऱ्याला हे संरक्षण मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. मग सरकारच्या सांगण्यावरून बेघर म्हाताऱ्यांना दोन वेळचं जेवण पुरवणाऱ्याला का नको? कारण नटबोल्टाला सरकार देणं म्हणतं आणि जेवणाला मदत. इथेच सगळी गफलत आहे. निराधार मुलाला सांभाळणं हे मुळात सरकारचं काम. संस्था ते सरकारसाठी करते, सरकारच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी पैशांत. ते पैसे वेळेवर देणं हे उपकार कधीपासून झाले?

वेळेवर म्हणजे नेमकं कधी, ते कामावर अवलंबून असतं. ऊसतोड मजुरांचं उदाहरण घ्या. बीडहून टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, गाळप साधारण एप्रिलपर्यंत चालतं. मुलांना गावात ठेवून घ्यायचं असेल, त्यांची शाळा वाचवायची असेल, तर वसतिगृहाची सोय गाडी सुटायच्या आधी हवी. मंजुरी जानेवारीत आली तर तिचा उपयोग काय? मूल तोवर फडात पोचलेलं असतं, धाकट्या भावंडाला सांभाळत. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि मार्चला संपतं. ऊसतोड्याचं दिवाळीला सुरू होतं. दोन्हींतलं कोणतं बदलता येईल, हे सांगायला तज्ज्ञ लागतो का?

मग एवढं सगळं पार करतं कोण? ज्याला कागद येतो तो. मुलं येवोत न येवोत. शहरात प्रस्ताव तयार करून देणारे सल्लागार असतात. पार्श्वभूमी, उद्दिष्टं, अपेक्षित फलनिष्पत्ती, सगळं तयार. गावाचं नाव बदललं की नवा प्रस्ताव. मंजूर झाला तर टक्का. आणि लेटरहेडवरची नावं एकदा नीट वाचा. अध्यक्षांचं आडनाव आणि मतदारसंघातल्या फलकांवरचं आडनाव एकच निघालं तर फाइल पुण्याहून मुंबईला किती वेगाने गेली असेल, याचा अंदाज तुम्हाला आहेच.

चाळण अशी बनवली आहे की दाणे अडकतात आणि खडे खाली पडतात.

संस्थांची बाजू घेतो म्हणून त्यांना सूट नाही. 2017 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे जे आकडे आले, ते आपल्या सगळ्यांना खाली मान घालायला लावणारे होते. देशात सुमारे 33 लाख संस्था, आणि हिशेब सादर करणाऱ्या त्यातल्या तीन लाखांच्या आसपास. दहातली एक. उरलेल्या नऊ काय करत होत्या? वार्षिक सभा कागदावर, कोरम कागदावर, लाभार्थीही कागदावर. सरकारी बाबूला अडवणूक करायला जे कारण लागतं, ते या नऊ जणींनी पुरवलं. सोसतं कोण? दहावी.

सरकारच्या पैशावर उभ्या संस्थांनी माहिती दडवायचीही सोय नाही. सरकारकडून भरीव निधी घेणारी स्वयंसेवी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये स्पष्ट केलं. उत्तमच झालं. दारावर फलक लावा : किती मिळाले, कधी मिळाले, कशावर खर्च केले. ज्या संस्थेला हा फलक लावायची भीती वाटते, तिने अनुदान मागू नये.

ही पद्धत मुळात अशी नव्हती. 1953 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख पहिल्या अध्यक्ष. अर्थखातं तेव्हा चिंतामणराव देशमुखांकडे. कल्पना सरळ होती : गावोगाव काम करणारी माणसं आधीच आहेत, सरकारने त्यांच्यापर्यंत जायचं, पैसे द्यायचे, काम वाढवायचं. सरकारने शोधत जायचं होतं. आज संस्थेने शोधत जायचं असतं, खिडकी क्रमांक चार, दुपारी तीननंतर. आणि ते मंडळही आता गुंडाळलं गेलं आहे.

काही कामं सरकार स्वतःकडे घेतं, तेव्हा काय होतं तेही पाहिलं. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या प्रकल्पातून सुरू झाला. संस्थांच्या जाळ्याने तो देशभर नेला. 2023 मध्ये सरकारने ही सेवा आपल्या यंत्रणेकडे घेतली. मुलांची जबाबदारी सरकारची, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. पण रात्री दोन वाजता स्टेशनवर जाऊन घाबरलेल्या पोराला बोलतं करणारे कार्यकर्ते रातोरात परके झाले. ते कौशल्य कुठल्या निविदेत मिळतं?

आता छोट्या संस्थांसाठी दोन शब्द. जाहिरात येईपर्यंत थांबू नका. चेंज रिपोर्ट आजच्या आज दाखल करा आणि त्याची पोच जपा. लेखापरीक्षण वेळेत करून धर्मादाय कार्यालयात भरा. आयकराच्या नोंदण्यांना आता मुदत असते, ती भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत एका फोल्डरमध्ये ठेवा. दर्पणवरची माहिती आणि परिशिष्टावरची नावं जुळतात का ते बघा. नाव 'सुनिता' आणि 'सुनीता' असं दोन ठिकाणी असेल तर आधी ते दुरुस्त करा, त्या एका वेलांटीवर फाइल परत येते. आणि एकाच योजनेवर संस्था उभी करू नका. गावातून महिन्याला शंभर रुपये देणारी दोनशे माणसं जमली, तर मार्चपर्यंत श्वास घेता येतो.

आणि सरकारकडे मागणं एवढंच. जाहिरात वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. त्रुटी एकाच पत्रात. हप्ता आगाऊ, तिमाहीला. उशीर झाला तर व्याज. हिशेब लिहिणाऱ्याचा पगार अनुदानात. यातली कोणती गोष्ट अशक्य आहे? 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत मिळाली. अनुदानाच्या फाइलला का नाही?

वाचकांनाही यात काम आहे. आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा महिला व बालविकास कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. चार प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत कोणत्या संस्थांचे प्रस्ताव आले? त्यातले किती, कोणत्या त्रुटीसाठी आणि किती दिवस थांबले? मंजूर रक्कम कोणत्या तारखेला वितरित झाली? मंजूर संस्थांच्या अध्यक्षांची आणि सचिवांची नावं काय? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तर आलं की ते त्या जिल्ह्याच्या आमदारांना पाठवा, आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात या चारपैकी एक तरी प्रश्न विचारतात का, ते बघा.